फक्की

सावळजच्या हायस्कूलचं मैदान, रात्रीचे साडेनऊ.
विटा आणि कडेगाव, मुलींचा गट, उपांत्य लढत.
चार हॅलोजन, त्यातला एक सारखा डोळा मारतोय.
पलीकडच्या अंगाला पंच कोळेकर सर,
अलीकडच्या अंगाला मी.

याच माणसानं मला शिट्टी धरायला शिकवलं होतं:
"दातात नको, ओठात धर.
दातात धरली की घाई होते."
आणि एकदा एसटीची वाट बघताना,
शेंगा सोलत:
"जोडीदार चुकला तर आधी बघ, कशात चुकला.
नियमात चुकला तर जा. पळत नको, चालत जा.
नजरेत चुकला तर थांब.
आपली नजर त्याच्या नजरेवर चढवायची नाही.
विचारलं तर सांग. नाही विचारलं, तर गीळ."
"आणि गिळलं नाही तर?"
त्यांनी मांडीवरची टरफलं झटकली. एसटी आली होती.

पूर्वार्धात ते नियमात चुकले.
अंगणात कडेगावच्या पाचच पोरी,
विट्याच्या चढाईवालीनं बोनस रेषा ओलांडली
आणि सरांचा अंगठा वर.
मी छातीवर हात ठेवला, ही आमची खूण,
आणि लोकांकडे पाठ करून चालत गेले.
"सर, पाच आहेत."
त्यांनी मोजल्या. ओठ हलताना दिसले.
मग दिलेला गुण स्वतःच्याच हातानं मागे घेतला.
विटेकरांनी हुर्यो केली.
ती सरांनी एकट्यानं ऐकली,
मी तोवर माझ्या जागेवर पोचले होते.

उत्तरार्ध. सत्तावीस-सत्तावीस. अकरा सेकंद.
कडेगावची तेजल शिंत्रे, शेवटची चढाई.
एकीनं घोटा धरला, एकीनं कंबर,
बाकीच्या दोघी वरून कोसळल्या.
त्या ढिगातून एक हात बाहेर आला
आणि मधलं बोट मध्यरेषेपलीकडे टेकलं,
देवाला गंध लावावं इतकंच.
मी चार फुटांवर.
सरांच्या आणि त्या बोटाच्या मधे चार पाठी.
सरांची शिट्टी. बाद.

सरपंच त्या वेळी मंडपात,
कुणाच्या तरी सत्काराची शाल उलगडत होते.

मी छातीवर हात ठेवला. ठेवून राहिले.
त्यांनी बघितलं का?
हॅलोजन तेव्हा उघडा होता की मिटलेला,
आता सांगता येत नाही.
त्यांनी विचारलं नाही. मी गेले नाही.
मैदान आठ मीटर रुंद.
दहा पावलं होतात. नंतर मोजलीत, बऱ्याचदा.

दोरीमागनं एक म्हातारा ओरडला,
"मॅडम, तुमाला दिसलंय की वो!"
"निर्णय झालाय," मी म्हणाले, "दोघांचा."
दोघांचा, हे माझं मलाच दोनदा ऐकू आलं.

तेजल भांडली नाही.
रांगेत आली, हातात हात दिला,
आणि गेली तेव्हा माझ्या तळव्यावर
पांढरा ठिपका होता. फक्कीचा.

तासगाव रस्त्याला बेदाण्याच्या शेडमधून
गंधकाचा वास. स्कूटर माझी, मागे सर.
बराच वेळ काही नाही. मग,
"शेवटच्या पकडीत मला पाठीच दिसल्या गं."
मी गाडी हळू केली.
"तुझा हात छातीवर होता?"
"होता."
"किती वेळ?"

मी गाडी कडेला घेतली, उजवा तळवा मागे धरला.
त्यांनी मोबाईलचा उजेड पाडला.
रुमाल काढला. वाटलं, पुसणार.
त्यांनी चष्मा पुसला
आणि परत बघितलं.

"चल," म्हणाले, "गार लागतंय."

एका हातानं चालवली असं सांगायला बरं वाटेल.
दोन्ही हातांनीच चालवली.
मुठीला लागून गेली असेल ती.